खोली रिकामी करताना

परीक्षा संपल्या की अवसरीच्या परिसरात एक निराळाच हंगाम सुरू होतो. गाद्यांच्या वळकट्या, प्लास्टिकच्या बादल्या, पुस्तकांची खोकी आणि एखादा जुना टेबलफॅन छोट्या टेंपोत चढवून मुले घरोघर परतू लागतात. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. बाहेरगावची मुले आली की खोल्या भाड्याने जाऊ लागतात आणि ती गेली की त्या साफ कराव्या लागतात. आमचा भाचा तिघा मित्रांबरोबर अवसरी बुद्रुकला एका घराच्या मागच्या खोलीत चार वर्षे राहिला. त्याला आणायला आम्ही गेलो तेव्हा सामान अंगणात येऊन पडले होते आणि घरमालकीणबाई मोरीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मुले त्यांना काकू म्हणत.

“पोरांनो, तुम्ही आलात तेव्हा ही मोरी आरशासारखी होती. आता बघा!” काकू म्हणाल्या.

आम्ही पाहिले. फरशीवर पांढुरका थर, नळाखाली खडबडीत खपली, कडेला पिवळट चिकट रेघ आणि बादलीच्या जागी पांढरे वर्तुळ. मुलांचे म्हणणे असे की, दर रविवारी आम्ही मोरी घासत होतो. काकूंचे म्हणणे असे की, घासत होतात तर हे आले कुठून? सफाईचा खर्च मुलांच्या अनामत रकमेतून कापायचा असे ठरत होते, आणि त्या कामासाठी गावातल्याच एक मावशी आल्या होत्या. शहरांतून आता या कामासाठी कंपन्या निघाल्या आहेत. त्यांची माणसे यंत्रे आणि बाटल्या घेऊन येतात आणि एका दिवसात घर नव्यासारखे करून जातात. अवसरीत हे काम एक मावशी, एक खराटा, एक तारेची घासणी आणि दुकानातून आणलेल्या दोन वस्तू यांवर भागते. त्या दोन वस्तूंविषयी पुढे सांगायचे आहे. त्यांच्यामुळेच हा लेख लिहावा लागला.

आधी मात्र काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधू. हे आले कुठून?

पावसाचे पाणी जवळजवळ शुद्ध असते. ते जमिनीत मुरते तेव्हा मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. मातीच्या पोकळ्यांतील हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दसपट, कधी शंभरपटही असतो. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यातील खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असते. हे सौम्य आम्ल वर्षानुवर्षे दगड झिजवते आणि ही मूलद्रव्ये बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात उतरतात. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. तेही याच व्यवहारातून तयार झालेले असतात. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी ‘जड’ लागते, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याचे कारण हेच.

मोरीत नेमके उलटे घडते. फरशीवर राहिलेले पाणी सुकते, त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. म्हणजे अवसरीच्या जमिनीखाली पाण्याने जे उचलले तेच ते काकूंच्या मोरीत ठेवून जाते. मुलांचा त्यातला वाटा एवढाच, की ती आंघोळ करत होती.

किती ठेवून जाते? याचे गणित आठवी-नववीचा विद्यार्थी करू शकेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. समजा, आपले पाणी या दोहोंच्या मधले, म्हणजे ४०० चे आहे. आंघोळीनंतर फरशीवर पाण्याचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा उरून सुकतो असे धरू. एका चौरस मीटरवर हे पाणी १०० मिलिलिटर भरेल आणि त्यातून जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम क्षार मागे राहतील. चिमूटभरही नाही! पण वर्षाला हे साडेचौदा ग्रॅम होतात आणि चार वर्षांत सुमारे ५८ ग्रॅम. सगळीकडे सारखे पसरले तर या थराची जाडी भरते मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्याने फरशीची चकाकी जाते. शिवाय थर सारखा पसरत नाही. नळ ठिबकतो तिथे आणि बादलीच्या बुडाच्या कडेला, जिथे पाणी सर्वांत शेवटी सुकते, तिथे तो दाट बसतो. काकूंनी दाखवलेले वर्तुळ त्याचेच.

दर रविवारी घासूनही हा थर का गेला नाही? कारण साबणाचा त्यावर काही इलाज नाही. उलट साबण त्यात भरच घालतो. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचे सोडियम क्षार. जड पाण्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि जो कॅल्शियमचा साबण बनतो तो पाण्यात विरघळत नाही. भिंतीच्या कडेची पिवळट चिकट रेघ ती हीच. मुलांनी जितका साबण लावला तितकी ती रेघ वाढली!

वर्गात हे सहज दाखवता येते. तीन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्या: एकीत पावसाचे, दुसरीत विहिरीचे आणि तिसरीत तेच विहिरीचे पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून, निवळून घेतलेले. साबणाचे एकच द्रावण ड्रॉपरने थेंब-थेंब टाकत प्रत्येक बाटली हलवा आणि टिकाऊ फेस यायला किती थेंब लागतात ते मोजा. उकळलेल्या पाण्याला थेंब कमी का लागतात आणि पातेल्याच्या तळाशी काय बसले, हे मुलांनाच सांगू द्या. गावातील निरनिराळ्या विहिरींचे पाणी मुलांनी आणले तर गावाचा एक छोटा नकाशाच तयार होईल.

आम्लाला डाग आणि फरशी यांतला फरक कळत नाही

कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते हे आपण सातवीपासून शिकवतो. दुकानात मिळणारे ‘ॲसिड’ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. मावशींनी आणलेल्या दोन वस्तूंपैकी ही पहिली. शंभर ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागते. म्हणजे आपल्या ५८ ग्रॅमना सुमारे ४२ ग्रॅम. संडास धुण्याच्या बाटलीत याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते; तशी अर्धी बाटली एका चौरस मीटरला पुरून उरते. प्रत्यक्षात लोक दोन-दोन बाटल्या ओततात. सुट्या मिळणाऱ्या आम्लाची तीव्रता तर याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते आणि बाटलीवर काहीच लिहिलेले नसते. (माणसांवर फेकण्यासाठी आम्लाचा जो वापर झाला त्यामुळे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या सुट्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. तरी ते मिळते.)

मग उरलेल्या आम्लाचे काय होते? ते थांबत नाही. समोर जे येईल त्याच्याशी अभिक्रिया करते. आणि समोर काय असते? आपल्याकडे मोरीत बहुधा शहाबादी फरशी असते. कर्नाटकातून येणारा हा दगड म्हणजे चुनखडक. राजस्थानातून येणारा कोटा, तोही चुनखडक. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा काळाभोर कडप्पा हासुद्धा चुनखडकच. लिंबू चिरून ठेवले की त्यावर फिकट डाग उमटतो तो वर बसलेला नसतो, तिथला दगडच गेलेला असतो. मोझॅकच्या फरशीत संगमरवराचे तुकडे असतात आणि संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडक. लाद्यांमधल्या सांध्यांत सिमेंट असते, त्यातही कॅल्शियमची संयुगे. म्हणजे डाग आणि फरशी हे एकाच कुळातले. आम्लाला दोहोंत फरक करता येत नाही. फेस आला की माणसाला वाटते, मळ निघतो आहे. बऱ्याचदा फरशी निघत असते. एकदा झिलई गेली की पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर पाणी अधिक वेळ टिकते आणि पुढचा थर अधिक लवकर बसतो.

हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. शहाबादीचा एक तुकडा, मोझॅकचा एक, अंड्याचे कवच, शेतातला काळा दगड आणि चिनी मातीच्या फुटक्या कपाचा तुकडा घ्या. प्रत्येकावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका आणि भिंगातून पाहा. कुठे बुडबुडे येतात, कुठे येत नाहीत? (फळ्यावरचा खडू मुद्दामच सांगितला नाही. तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्याला बुडबुडे येत नाहीत. आम्ही स्वतः एकदा शिक्षकांच्या मेळाव्यात या खडूने फजिती करून घेतली आहे.)

चिनी मातीच्या भांड्यावर किंवा काचेसारखी झिलई असलेल्या टाइल्सवर आम्ल चालते. चुनखडकाच्या फरशीवर शक्यतो वापरूच नये. फारच दाट खपली असेल तर तेवढ्याच जागी व्हिनेगार किंवा सायट्रिक आम्लाचे पातळ द्रावण बोळ्याने लावावे, नजर ठेवावी आणि फेस मंदावताच भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगार दुबळे असले तरी फुकट नाही: पाच टक्क्यांच्या एका लिटरमध्ये सुमारे चाळीस ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळू शकते. त्याला वेळ लागतो इतकेच, आणि त्या वेळात माणसाला थांबता येते.

चिकट रेघेसाठी आम्ल उपयोगाचे नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतो. गरम पाण्यात सोडा विरघळवून ओतावा, अर्धा तास वाट पाहावी आणि मग घासावे. सोड्यातील कार्बोनेट कॅल्शियमला ओढून घेते आणि साबण पुन्हा विरघळणारा होतो. ओट्यामागच्या भिंतीवरील तेलकट पिवळ्या थराचेही औषध तेच. ते तेल आता तेल राहिलेले नसते. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्याचा जवळजवळ रंगलेप झालेला असतो. जवसाच्या तेलाचा ऑइलपेंट असाच सुकतो. करडई आणि सूर्यफुलाची तेले या बाबतीत जवसाची भावंडेच. आपल्या आज्या राखेने भांडी घासत, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. सोड्याचाच तो सख्खा भाऊ.

साखर कारखान्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होते. अवसरी बुद्रुकच्या शेजारी पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे इथल्या मुलांना हे उदाहरण जवळचे वाटेल. उसाचा रस निवळायला चुना घालतात. पुढे रस आटवताना नळ्यांच्या आतून कॅल्शियमच्या क्षारांचा कठीण थर बसतो. साखर कारखान्यांत तो काढताना आधी कॉस्टिक सोडा उकळवतात, मग नळ्या धुतात आणि नंतर आवश्यक तर पातळ आम्ल वापरतात. अल्कली, पाणी, आम्ल. मधले पाणी कोणी विसरत नाही.

मोरीत मात्र ते विसरले जाते.

दोन वस्तू एका बादलीत

आम्ही अंगणात फरशीचे हे गणित कागदावर मांडत होतो आणि काकू ते सहनशीलपणे ऐकत होत्या. इतक्यात मोरीतून खोकण्याचा आवाज आला. पाठोपाठ पोहण्याच्या तलावावर येतो तसा, पण कितीतरी उग्र वास आला. मावशी दाराशी बसून खोकत होत्या. डोळे वाहत होते आणि पदर तोंडावर होता. आत फरशीवर ॲसिड ओतलेले होते आणि त्यावर, “लवकर निघावं म्हणून”, टीसीएलची पावडर टाकलेली होती. दोघा मुलांनी त्यांना धरून अंगणापलीकडे, वाऱ्याच्या बाजूला नेले. डोळे बराच वेळ पाण्याने धुतले आणि त्यांना मंचरला डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने मोरीचे दार उघडे होते आणि पावडर जुनी होती. त्यांचा खोकला मात्र काही दिवस गेला नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण हवेत टिकावी म्हणून तिच्यात जादा चुना मिसळलेला असतो. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टाकतो ती हीच, म्हणून खेड्यात ती प्रत्येकाच्या ओळखीची असते आणि तिची भीती कोणाला वाटत नाही. स्कॉटलंडचे चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना याच द्रावणात हात बुडवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा यायचाच होता. शवविच्छेदनानंतर हातांना येणारी दुर्गंधी या द्रावणाने जाते एवढाच त्यांचा आधार होता.

ही पावडर बनवताना चुन्यात क्लोरिन वायू शोषून घेतलेला असतो. चुना अल्कलीधर्मी, म्हणून क्लोरिन त्यात बांधला राहतो. त्यावर आम्ल टाकले की गाठ सुटते आणि वायू मोकळा होतो. पावडरच्या पाकिटावर ‘उपलब्ध क्लोरिन’ अशी टक्केवारी छापतात, तिचा अर्थच मुळी आम्ल टाकल्यावर किती क्लोरिन सुटेल असा आहे. बाटलीतल्या द्रवरूप ब्लीचचेही हेच. त्यात सोडियम हायपोक्लोराइट असते.

आता दुसरे गणित करू. एक मूठ, म्हणजे ५० ग्रॅम पावडर घ्या. तिच्यात २५ टक्के उपलब्ध क्लोरिन धरला तर साडेबारा ग्रॅम वायू सुटेल. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान सव्वाचार लिटरच्या आसपास भरते. सव्वा मीटर रुंद, दीड मीटर लांब आणि दोन मीटरहून थोडी उंच अशा मोरीत हवा असते सुमारे चार हजार लिटर. म्हणजे दहा लाख भागांत हजाराहून थोडे अधिक भाग क्लोरिन! कामाच्या ठिकाणी या वायूचे प्रमाण दहा लाखांत एका भागापलीकडे जाऊ नये असा अमेरिकेतील दंडक आहे. दहा भागांना जिवाला तत्काळ धोका आहे असे समजतात. हजार भागांत थोड्याच वेळात मृत्यू ओढवू शकतो. दार उघडे होते, पावडर जुनी होती आणि अभिक्रिया पूर्ण झाली नाही म्हणून शंभरातला एकच भाग वायू सुटला असे धरले, तरी आपण दहाच्या आकड्यावर येतो.

याला आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. क्लोरिन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत तो उशिरा पोहोचतो, पण मोरी घासणारी बाई उकिडवी बसलेली असते. तिचे तोंड फरशीपासून हात-दीड हातावर असते. वासाने ती सावध होईलच, पण अंगमेहनतीमुळे तिचा श्वास खोल आणि जलद चाललेला असतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच वायू सोडला, तेव्हा तो खंदकांत उतरून बसला. जडपणामुळेच तो तिथे परिणामकारक ठरला. फुप्फुसातल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यापासून आम्ले तयार होतात आणि नाजूक अस्तर भाजते. कधीकधी सुरुवातीला माणूस बरा दिसतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून “आता बरं वाटतंय” म्हटले तरी डॉक्टरांकडे न्यायचे असते.

असे घडलेच तर आत जाऊन त्यावर आणखी काही ओतू नये. सोडाही नाही. प्रथम माणसाला उघड्या हवेत, शक्य तर थोड्या उंच जागी न्यावे. डोळे-चेहरा वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावा. उडालेले आम्ल लागलेले कपडे काढावेत. दारे उघडी टाकून मोरीत तासभर तरी जाऊ नये. शिक्षकांना एक विनंती: हा प्रयोग वर्गात ‘थोड्या प्रमाणात’सुद्धा करून दाखवू नये. गणित पुरेसे बोलके आहे.

एकाच वेळी दोन्ही मिसळले नाहीत तरी धोका संपत नाही. संडासाच्या भांड्याच्या वळणात पाणी साठून राहते. सकाळी टाकलेले आम्ल दुपारी तिथेच असते आणि मग कोणी ब्लीच ओतते. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन नावाची वेगळी विषारी वाफ निघते. साठलेल्या लघवीवर ब्लीच टाकल्यावर डोळे चुरचुरतात त्याचेही कारण तेच. ‘एका दिवसाला एकच बाटली’ हा नियम काकूंनी आता मोरीच्या दारामागे खडूने लिहिला आहे. आमच्या साऱ्या रसायनशास्त्रापेक्षा तो सुटसुटीत आहे.

आणि मुळात मावशींना ब्लीचिंग पावडरची गरजच नव्हती. पांढऱ्या थरावर तिचा काही परिणाम होत नाही. ती रंग घालवते आणि जंतू मारते, दगडासारखे क्षार विरघळवत नाही. जंतू मारण्यासाठी वापरायची तरी आधी मळ धुऊन काढावा लागतो, नाहीतर क्लोरिन मळाशीच भांडत संपून जातो. दोन औषधे दोन रोगांवरची. एकत्र केल्यावर दोन्ही वाया गेली आणि तिसरे विष तेवढे तयार झाले.

भिंतीचा कोपरा

काकूंच्या यादीत दुसरी तक्रार होती खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांची. ही बुरशी. मुलांनी पावसाळ्यात खोलीत दोरी बांधून कपडे वाळवले, हे त्यांनी कबूल केले. तीन मीटर बाय चार मीटरची आणि तीन मीटर उंचीची खोली धरली तर हवा झाली ३६ घनमीटर. पंचवीस अंश सेल्सियसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत सुमारे ८३० ग्रॅम. जुलैत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली तर त्यातली ७०५ ग्रॅमची जागा आधीच भरलेली. उरली १२५ ग्रॅमची, अर्ध्या पेल्याची. हाताने पिळलेल्या एका जीन्समध्येच याच्या कितीतरी पट पाणी असते (वाणसामानाच्या काट्यावर ओली आणि वाळलेली पँट तोलून पाहा). खिडकी बंद असेल तर बाकीचे पाणी कुठे जाणार? सर्वांत थंड भिंतीवर. तिथे बुरशीचे बीजाणू वाटच पाहत असतात.

पूर्वी दर दिवाळीआधी घराला चुन्याची सफेदी होई. विरीच्या चुन्याचा सामू बाराच्या वर असतो आणि त्यात बुरशी जगत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते आणि हा गुण ओसरतो. दरवर्षी नवा हात द्यावा लागे तो केवळ शोभेसाठी नव्हे. (पाहा, मोरीत जो शत्रू तोच भिंतीवर रंग म्हणून मिरवतो!)

चुन्यावरचा विश्वास मात्र एकदा पुणेकरांना फार महाग पडला. १८९७ च्या प्लेगात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरे झडली, सामान रस्त्यावर काढले, घरे जंतुनाशकांनी धुतली आणि चुन्याने रंगवली. या जुलमाविरुद्धचा संताप २२ जून १८९७ च्या गोळीबारापर्यंत गेला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत उंदरावरच्या पिसवेमार्फत येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. भिंती पांढऱ्या झाल्या. पिसवा उंदरांबरोबर शेजारच्या घरात गेल्या. कशाशी लढतो आहोत हे न कळता केलेल्या सफाईचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

काकूंच्या कोपऱ्यापुरते बोलायचे तर ठिपके ओल्या फडक्याने पुसून घेतले, कोरडे खरवडले नाहीत, कारण तसे केले की बीजाणू खोलीभर उडतात. मग खिडकी दोन दिवस उघडी ठेवली आणि त्यावर चुना दिला. अंगणात पत्र्याखाली कपड्यांची दोरी बांधायची, असे पुढच्या भाडेकरूंसाठी ठरले.

राहिला पैशांचा प्रश्न. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याविषयी एक शहाणे वाक्य आहे. भाडेकरूने जागा घेतली तशीच परत करावी, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळावी, असा त्याचा आशय. महाराष्ट्रातल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे सांगितले आहे. मुलांच्या खोल्यांबाबत ते कितपत होते ते वाचकांना ठाऊक असेलच. वाजवी झीज म्हणजे काय हे कायदा मोजून देत नाही, पण निदान मोरीपुरते ते मोजता येत होते. ५८ ग्रॅम पाण्याचे होते. साबणाची रेघ आणि कोपऱ्यातली बुरशी मुलांची होती. तेवढे त्यांनी स्वतः साफ केले. मावशींच्या डॉक्टरांचे पैसे आणि त्यांची बुडालेली मजुरी दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी दिली. अनामत रक्कम परत मिळाली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आम्ल ओतले गेले होते तिथे शहाबादीवर ताटाएवढा खरखरीत, निस्तेज पट्टा पडला आहे. तो आता कशाने धुऊन निघणार नाही, कारण धुण्यासारखे तिथे काही उरलेलेच नाही. तेवढा दगड गेला. काकू त्यावर बादली ठेवतात.